सासऱ्यांची बिडी

बिडी सोडताना तलफेला तोंड द्यावं लागतं हे ठाऊक होतं, पण सासऱ्यांनाही तोंड द्यावं लागेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझी सासुरवाडी कळंबची. लग्न झाल्यापासून जेवणाआधी ओटीवर बसून सासऱ्यांबरोबर एक बिडी ओढायची, हा आमचा नेमच होता. बिडी सोडल्यावर मी पहिल्यांदाच तिकडे गेलो, तर त्यांनी नेहमीसारखी बिडी पुढे केली.

"नको मामा. सोडली मी."

"आमच्या घरात नाय म्हणता?"

"कुठल्याच घरात ओढत नाही आता."

मामा भडकले. "मंग मी पण जेवत नाय."

"मग मीही उपाशी बसतो. पण बिडी ओढणार नाही."

आतून मटणाचा वास येत होता, बायको दारातून डोळे वटारत होती आणि मामा मुद्दाम माझ्याकडे तोंड करून धूर सोडत होते. जीव नुसता त्या धुरामागे धावत होता. खिशातली बडीशेप चावून संपली, तसा मी दात आवळून बसलो.

शेवटी मामा म्हणाले, "सगळी बडीशेप संपवलीत की तुमी. एवढी तलफ आलीय, मंग कोनाला दाखवताय वडत नाय म्हणून?"

"तुम्हालाच."

मामांनी बिडी विझवली आणि आत सासूबाईंना हाक मारली, "वाढ गं! ह्यो तर आपल्या पोरीपेक्षा हट्टी हाय."