दुसरा बूट

नाही म्हणजे नाही! दुसरा बूट मिळणार नाही. ती पेटी बंद करा आधी. मखमल लावून आणलीत होय? कौतुक आहे! — बसा, आलाच आहात तर. त्या स्टुलावर नको, खळ सांडलीय — हां, तिकडे. तुमचं ते ‘जगातल्या अजब गोष्टीं’चं दालन पाहिलंय मी. तिकीट काढून पाहिलंय, सख्खा थोरला भाऊ असून! बाटलीत दोन डोक्यांचं वासरू, पलीकडे कुणाची तरी हातभर वाढलेली नखं, आणि मधे माझ्या धाकट्याचा बूट. वासराच्या शेजारी! वर पाटी — ‘सर्वांत उंच माणसाचा शेवटचा बूट’. शेवटचा! कुणी सांगितलं शेवटचा? — म्हणजे, हो, मीच सांगितलं. शेवटचाच तो.

आणि करंगळीपाशी भोक होतं, ते कुठे गेलं? बुजवलंत! वरून पॉलिश! अहो, ते उंदरानं नव्हतं पाडलं, मी पाडलं होतं — ह्या चामडं कापायच्या रांपीनं. त्याची करंगळी सुजते, चामडं घासलं की कळवळतो नुसता. तर तुमचा तो पहारेकरी काच सरकवून देतो, आणि एक बाई दोन्ही पाय घालून उभी त्या बुटात! नवरा फोटो काढतोय, दोघं खिदळतायत. मला काय वाटलं असेल? तिथेच दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं, दुसरं काय!

आधी तरी काय वेगळं होतं म्हणा. ह्याच दारात यायचे लोक. उभा राहा, हात पसर, आमच्या पोराला तळहातावर बसव. आई दोन चादरी जोडून शिवायची त्याच्यासाठी, तर ती चादरसुद्धा बघायला मागायचे! एकानं तर तो झोपलेला असताना टेप लावली अंगाला. जागा होता हो तो. डोळे घट्ट मिटून पडून राहिला — मापं घेऊन जातील एकदाचे म्हणून. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. सांगून टाकलं सगळ्यांना, गेला तो. बूट दिला तुमच्या लोकांना, पुरावा म्हणून. पुरावा म्हणजे — आठवण म्हणून. रागात जीभ घसरते माणसाची.

काय? फर्म्यावर चढवलेला तो बूट? तो... तो ऑर्डरचा आहे. कुणाची म्हणजे? गिऱ्हाइकाची! असतात मोठ्या पायाची माणसं. हात लावू नका, ओलं आहे चामडं — आणि वाकून काय बघताय? भोक आहे. करंगळीपाशी. असतं एकेकाला.

खोकला? कुठे? मी नाही ऐकला.

...बरं. ऐकलात. आता काय, पाटी बदलणार? गर्दी आणणार परत माझ्या दारात? अहो, तुमच्या पाटीवर तो मेलाय, म्हणून आत सुखानं दोन घास खातोय. हल्ली खिडकी उघडून बसतो. किती वर्षांनी बसतोय! — आणा, आणा ती पेटी इकडे. हा घ्या त्याच जोडीतला दुसरा बूट. न्या! बुजवा भोक, पॉलिश करा, नाचा त्यात! पण बाहेर एक शब्द काढलात, तर ही रांपी आहे आणि मी आहे.

निघा आता. आणि गल्लीतून जाताना त्या खिडकीकडे बघू नका.