पाठमोरा

कुरियरच्या रांगेत माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते. तिची नखं निळ्या शाईने भरलेली होती. दोघांच्या मध्ये पोस्टरांचा जड गठ्ठा. भावाने वरचं पोस्टर उलगडलं. त्यावर एक पाठमोरा सैनिक होता आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘युद्ध थांबवा’.

“हा माझा धाकटा पोरगा आहे.”

“दादा, मी कुणाचाही चेहरा काढलेला नाही.”

“मान काढलीस ना! न्हाव्याकडे त्याला मांडीवर घेऊन मीच बसायचो. पोराची मान मला ओळखू येणार नाही?”

“तो निघाला त्या दिवशीचा फोटो होता. त्यावरून छपाईची स्क्रीन केली.”

“त्याला विचारलंस?”

“कसं विचारू? सीमेवर गेल्यापासून त्याचा फोन कुठे लागतोय?”

“आता हा भिंतीभिंतीवर लागणार. लोक चिखल फेकतील, ‘भेकड’ लिहून जातील. तुझ्या वहिनीने येता-जाता ते बघायचं?”

“फोटो वहिनीनेच दिला.”

त्याने पोस्टर पुन्हा गुंडाळलं.

“मला बोलली नाही ती.”

“घरात त्याचा विषय तू काढू देतोस का?”

“दुसऱ्या कुणाचं तरी पोर काढ ना, बाई.”

“कुणाचं काढू? तूच सांग.”

खिडकीतून हाक आली, “चला, पुढे या.”

ती गठ्ठा उचलायला वाकली.

“थांब, एकटीला झेपायचा नाही. सरक, मी धरतो. आणि हे एक माझ्याकडे राहू दे.”

“फाडणार आहेस?”

“नाही गं. घरी नेतो. तुझ्या वहिनीसमोर उघडून बसतो.”