माडाला पत्रा

उंदरांचा विषय निघाला की मला धारगळचे आमचे आबाकाका आठवतात. त्यांच्या दारात एकच माड, आणि काळे उंदीर त्याचे अडसर, म्हणजे कोवळे नारळ, पोखरून खाली टाकायचे. गोवा राज्य झालं त्या वर्षी काकांनी माडाला मधोमध गुळगुळीत पत्रा गुंडाळला. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "आता चढून दाखव म्हणावं त्या मेल्याला!"

अडसर मात्र पडतच राहिले. उलट जास्तच.

चवथ जवळ आली. गणपतीच्या वर फळंफुलं टांगतात त्या माटोळीला बांधायला नारळ हवे, म्हणून नारळ काढणारा पाडेली शिडी लावून पत्र्याच्या वर गेला आणि शेंड्यातून ओरडला, "काका, हांगा तर बिऱ्हाडच आसा! पिलांसकट!"

"अरे, पण पत्र्यावरून चढला कसा तो?"

काकू ओसरीवरून म्हणाल्या, "चढतोय कशाला? तो आधीपासून वरच होता. तुम्ही त्याची उतरायची वाट बंद केलीत. मग तिथे बसून काय खाणार, तुमचं भाषण?"

आम्ही हसून लोळायचे बाकी होतो. काकांनी पत्र्यावर एक थाप मारली.

"ते असू दे गो. पण पत्रा कसला पक्का बसलाय बघ! एक तरी उंदीर खाली उतरला?"