तपकिरी शर्टवाला

चेतना : पप्पा, अजून शर्टाची बटणंही लावली नाहीत? डॉक्टरांची अकराची अपॉइंटमेंट आहे ना. आणि आईची बॅग का भरलीय?

धोंडिराम : तिलाच विचार. चाललीय अकोल्याला, भावाकडं. हळू बोल, ती किचनमध्ये आहे. आधी ही वही बघ.

चेतना : कसली वही?

धोंडिराम : चारकोपला सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून चोवीस वर्षं रजिस्टर लिहिलं मी. माझी नोंद चुकत नाही. वाच.

चेतना : 'सोमवार, दुपारी तीन दहा. तपकिरी शर्ट. खुर्चीत बसला.' कोण हा?

धोंडिराम : तुझ्या आईकडं येतो. मी नीट बघायला उठलो की नसतो.

द्रौपदी : (किचनमधून बाहेर येत) ऐकलंस? बेचाळीस वर्षं संसार केला यांच्याशी. आता म्हातारपणी हे ऐकून घ्यायचं. मी नाही राहत इथं.

चेतना : पप्पा, दुपारी घरात तुम्ही दोघंच असता.

धोंडिराम : मग मोरीत कप दोन का? त्याला आल्याचा चहा, मला नुसतं गरम पाणी.

द्रौपदी : दुसरा कप माझा. एकाच भांड्यातला चहा असतो गं.

धोंडिराम : माझ्या कपात आलं असतं तर वास नसता आला?

चेतना : थांबा जरा. आई, फळीवरची ती छोटी डबी दे. पप्पा, डोळे मिटा. कसला वास येतोय?

(धोंडिराम डबी नाकाशी धरून हुंगतो.)

धोंडिराम : रिकामी डबी आहे.

चेतना : उघडा डोळे.

धोंडिराम : हिंग आहे की.

चेतना : कधीपासून वास येत नाही?

धोंडिराम : हात थरथरायच्या आधीपासून. चार-पाच वर्षं झाली असतील.

चेतना : आणि डॉक्टरांना बोलला नाहीत?

धोंडिराम : ते म्हणतात हात दाखवा, चालून दाखवा. नाकाचं कोण सांगतं तिथं?

चेतना : पण हे वहीतलं तरी सांगायचं?

द्रौपदी : मीच नको म्हटलं. घरातली अब्रू काय दवाखान्यात मांडायची?

चेतना : आई, पप्पांना पार्किन्सन आहे, त्यात वास जातो, नसलेली माणसं दिसतात, संशय येतो. डॉक्टरांनी दिलेल्या पुस्तिकेत आहे सगळं. आपण फक्त व्यायामाची पानं वाचली यार.

धोंडिराम : चहाचं मानलं. पण तो माणूस मी या डोळ्यांनी बघितलाय, चेतना.

द्रौपदी : मग हेच डॉक्टरांना सांगा. थांबा, साडी बदलते, मीही येते दवाखान्यात.

चेतना : अगं, तिथं परक्या माणसासमोर पप्पा तुझ्यावर आळ घेतील.

द्रौपदी : घेऊ दे. एकटीनं ऐकून ऐकून थकलेय मी.