राखीव पाकीट

भाची: दार लाव आधी.

मामा: लावलंय गं. कडी लागत नाही याची. सगळ्या सभागृहाच्या मोडक्या खुर्च्या इथे आणून टाकल्यात, ही काय खोली म्हणायची! बस तू. ती नको, तिचा पाय गेलाय.

भाची: मला बसायचं नाही. तो प्रश्न पाकिटात कसा आला ते सांग.

मामा: कोणता प्रश्न?

भाची: मामा!

मामा: बरं, बरं. हळू बोल. भिंतीपलीकडे सगळ्यांचा चहा चाललाय.

भाची: ‘सूर्याच्या आठ लेकरांपैकी.’ तीन शब्द. वाचकबाईंनी तीन शब्द वाचले आणि मी बझर दाबला. माईकवर सांगितलं, शुक्र.

मामा: आणि बरोबर सांगितलंस. बरोबरी फुटली, तुमचा संघ अंतिम फेरीत गेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मागच्या रांगेत होतो, माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, काय हिंमत आहे पोरीची!

भाची: आठातला एक ग्रह मला तीन शब्दांवर कसा कळेल?

मामा: अंदाज. धाडस. प्रश्नमंजुषेत बझर फेरी म्हणजे अर्धा जुगारच असतो.

भाची: ग्रहांना लेकरं कोण म्हणतं तुझ्याशिवाय? तो प्रश्न तुझ्या बुटांच्या खोक्यात होता. त्यावर लाल रेघ होती. शेजारी लिहिलं होतंस, ‘लेकरं नको, समिती ओरडेल.’ तू म्हणालास, हे सगळे टाकलेले प्रश्न आहेत, सरावाला घे. मी ते खोकं तीनदा वाचलंय. हात आधी गेला माझा. डोकं मागून आलं.

मामा: टाकलेलाच होता तो. तुझी शप्पथ.

भाची: माझी नको घेऊस.

मामा: ऐक तर. मूळ पाकीट मी चोख केलं होतं. पास फेरी, चित्रांची फेरी, बझर फेरी, आणि बरोबरी झाली तर ती तोडायला पाच प्रश्न. एकेक प्रश्न पारखून. शिवाय नियमाप्रमाणे वीस राखीव लागतात, वेगळ्या बंद पाकिटात. त्या आठवड्यात मला ताप होता. चौदा झाले, सहा कमी पडले. तर ते सहा मी खोक्यातून उचलले.

भाची: मला दिलेल्या खोक्यातून.

मामा: अगं, अकरा वर्षांत राखीव पाकीट एकदाही उघडलेलं नाही! दरवर्षी जसं जातं तसं परत येतं. समितीसुद्धा ते वाचत नाही. मला काय स्वप्न पडलं होतं?

भाची: ते उघडलं कारण तुझे पाचही प्रश्न कोणालाच आले नाहीत. ना आम्हाला, ना त्यांना. इतके अवघड कशाला काढायचे?

मामा: तो माझा माज. कबूल. अवघड प्रश्नावर सभागृह कसं चिडीचूप होतं, ते मला आवडतं.

भाची: आणि मी संघात आहे हे तू समितीला सांगितलं होतंस?

मामा: तू तेव्हा राखीव होतीस.

भाची: सांगितलं होतंस का?

मामा: त्या फॉर्मवर एक रकाना असतो. ‘स्पर्धकांत कोणी नातेवाईक?’ मी म्हटलं, राखीव पोरगी काय खेळणार आहे! चौघी धडधाकट आहेत. कोणाला ठाऊक होतं तुमच्या त्या उंच मुलीचा पाय मोडेल म्हणून? राखीव पाकीट उघडणार नाही आणि राखीव पोरगी खेळणार नाही, असं धरून चाललो. दोन्ही एकाच दिवशी बाहेर आली.

भाची: पाय मोडला त्याला आठ दिवस झाले.

मामा: हो.

भाची: आठ दिवसांत सांगता आलं असतं.

मामा: आठवड्यापूर्वी सांगितलं असतं तर त्यांनी प्रश्न बदलले असते आणि मला कायमचं घरी बसवलं असतं. घरी बसलोच आहे म्हणा मी. छापखाना बंद पडल्यापासून तुझ्या आईच्या घरात एका खोलीत एक माणूस आणि एक खोकं. ताई बोलत नाही काही, पण मला दिसतं. वर्षातून एक दिवस, बाळ. एक दिवस मी मागच्या रांगेत येऊन बसतो. मी कोण, हे सभागृहात एका वाचकबाईंशिवाय कोणाला माहीत नसतं. पण माझं वाक्य माईकवरून येतं आणि चारशे माणसं श्वास रोखून ऐकतात. एवढंच आहे माझ्याकडे.

भाची: म्हणून मी गप्प बसू?

मामा: कोणी आक्षेप घेतलाय का? नाही ना! त्यांच्या सरांनी तुमच्या शाळेच्या बाईंशी हात मिळवला, मी पाहिलं. सुंठीवाचून खोकला गेलाय. अंतिम फेरीची पहिली घंटा झाली की मागचा निकाल पक्का, मग कोणी काही म्हणू शकत नाही. पंधरा मिनिटं राहिलीत. झाकली मूठ राहू दे.

भाची: त्यांची कर्णधार आली होती माझ्याकडे. ती चष्मेवाली.

मामा: काय म्हणाली? तिला संशय आला?

भाची: संशय आला असता तर बरं झालं असतं. वही घेऊन आली होती. म्हणाली, तीन शब्दांवरून तू ग्रह कसा ओळखलास, मला शिकव ना. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

मामा: मग?

भाची: मी तुझंच वाक्य तिच्या तोंडावर मारलं. म्हटलं, वाचन वाढव.

मामा: अरे देवा.

भाची: तिनं ते वहीत लिहून घेतलं, मामा. खाली रेघ मारली.

मामा: रडू नकोस. ये इकडे.

भाची: हात नको लावूस. रडत नाहीये मी. लेखी फेरीत तिला माझ्यापेक्षा सहा गुण जास्त होते. पास फेरीत आमच्याकडून गेलेले चार प्रश्न तिनं एकटीनं सोडवले. आणि मी तिला सांगते, वाचन वाढव!

मामा: तुझ्या त्या तिघींचा विचार कर. त्यांनी काय पाप केलंय? सकाळपासून उपाशी बसल्यात बिचाऱ्या. तू सांगितलंस तर त्याही बाहेर. उद्या वर्गात तोंड बघतील का तुझं?

भाची: नाही बघणार. तोच विचार करतेय मघापासून.

मामा: मग? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?

भाची: मी तुझं नाव घेणार नाही. फक्त सांगेन, प्रश्न मला आधीपासून माहीत होता.

मामा: वेडी आहेस का? ते विचारतील, कुठून?

भाची: सांगणार नाही म्हणेन.

(दारावर टकटक होते आणि प्रश्नवाचक बाई हातात कागद अडकवलेलं पॅड घेऊन आत येतात.)

बाई: तुम्ही इथे होय? मी मागची रांग धुंडाळून आले. प्रश्नकार, अंतिम फेरीच्या पाकिटावर तुमची सही राहिली आहे. आणि ही मुलगी इथे काय करतेय?

मामा: अभिनंदन करत होतो. मघाचं उत्तर... फार छान दिलं तिनं, म्हणून.

बाई: या खोलीत?

मामा: बाहेर गर्दी होती.

भाची: बाई, आक्षेप कोणाकडे नोंदवायचा?

बाई: माझ्याकडे. पण आक्षेप हरलेला संघ घेतो, मुली. तुम्ही जिंकलात.

भाची: जिंकलेल्याला घेता येतो का?

बाई: अकरा वर्षांत कोणी घेतलेला नाही. नियमात ‘कोणत्याही संघाने’ असं लिहिलंय. बोल.

भाची: शेवटचा प्रश्न मी आधी वाचला होता. त्याचं उत्तर मला पाठ होतं.

बाई: असं. खरं सांगू का, मला वाटलंच होतं काहीतरी. ‘लेकरांपैकी’ हा शब्द माझ्या तोंडात होता अजून, पुढे ‘एकाला स्वतःभोवती फिरायला सूर्याभोवती फिरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो’ हे सगळं वाचायचं राहिलं होतं, आणि तू उत्तर देऊन मोकळी! कुठे वाचला होतास?

भाची: ते नाही सांगणार.

बाई: सांगावं लागेल. या कागदावर कारण लिहिल्याशिवाय आक्षेप नोंदवता येत नाही.

भाची: लिहा, मुलीनं सांगितलं नाही.

बाई: बाळ, मी काय म्हणते ते नीट ऐक. राखीव पाकीट माझ्या कपाटात होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये. सील मी सगळ्यांसमोर फोडलं. आता तू म्हणतेस तुला प्रश्न माहीत होता. म्हणजे एकतर तू माझं कपाट उघडलंस, नाहीतर मी तुला प्रश्न दिला. तिसरं काही मला सुचत नाही. हा कागद तुझ्या शाळेत जाणार, मुख्याध्यापकांच्या टेबलावर. यातलं काय लिहू?

भाची: तुम्ही दिला नाही.

बाई: मग?

भाची: मी उघडलं म्हणून लिहा.

बाई: कपाट?

भाची: हो.

बाई: कोणत्या खोलीतलं?

भाची: तुमच्या खोलीतलं.

बाई: माझी खोली कुठल्या मजल्यावर आहे, तेवढं सांग.

भाची: लिहा ना बाई. घंटा होईल.

मामा: थांबा.

भाची: मामा, तू गप्प बस.

बाई: मामा?

मामा: खोडा ते. तिनं काही उघडलं नाही. भाची आहे माझी. सख्ख्या बहिणीची मुलगी, एकाच घरात राहतो आम्ही. बाद केलेले प्रश्न मी तिला सरावाला दिले होते आणि त्यातलेच सहा राखीव पाकिटात भरले. विसरलो म्हणणार होतो. पण विसरलो नव्हतो, बाई. चिकटवताना मला आठवलं होतं. म्हटलं, कोण उघडतंय!

बाई: तुम्ही सही करून दिली होती. नातेवाईक नाही म्हणून.

मामा: तेव्हा ती राखीव होती.

बाई: राखीव स्पर्धकही स्पर्धकच. हे वाक्य तुम्हीच नियमांच्या पुस्तिकेत दुरुस्त करून दिलंय. चार वर्षांपूर्वी.

मामा: हो. मीच दिलंय.

बाई: मग लिहा. इथे, स्वतःच्या हातानं. आणि हा तुमचा जुना फॉर्म. त्या रकान्यातलं ‘नाही’ खोडा.

मामा: पेन...

भाची: हे घे.

मामा: लाल आहे.

भाची: तुझंच आहे.

बाई: सावकाश. अंतिम फेरीचं पाकीटही मला आता वापरता यायचं नाही, हे तुम्हाला कळतंय ना? तीन वर्षांपूर्वीचे उरलेले प्रश्न आहेत, ते काढते.

मामा: माझेच असतील तेही.

बाई: तुमचेच. पण तेव्हा ही शाळेत लहान वर्गात होती. चालतील. पुढच्या वर्षी मात्र दुसऱ्या कोणाची वाक्यं वाचेन मी.

मामा: बरोबर आहे.

बाई: अकरा वर्षं वाचली तुमची. कधी अडखळले नाही. आजचा तो ‘लेकरं’ शब्द मला आवडला होता. समितीनं काढायला लावला असता, पण आवडला होता. द्या तो कागद. मुली, तुमचा संघ बाद. ते लोक अंतिम फेरीत. माईकवरून सांगते मी, तुझं नाव घेणार नाही.

भाची: दोन मिनिटं थांबाल? आमच्या तिघींना माझ्या तोंडून कळू दे.

बाई: जा. पाच मिनिटं देते.

मामा: मी येतो बरोबर. त्यांना म्हणेन, चूक माझी.

भाची: तू ये. पण मागे उभा राहा. आणि घरी आईला मात्र तूच सांगायचं.

मामा: सांगेन. ताईला मीच सांगेन. अगं, तिकडे कुठे चाललीस? तुमच्या मुली उजवीकडे बसल्यात.

भाची: त्यांच्याकडेच जातेय. वाटेत ती चष्मेवाली बसलीय, तिची वही मागून घेते आधी.

मामा: वही कशाला?

भाची: मी सांगितलेलं खोडायचंय. तिचं वाचन पुरेसं आहे.