निळा ठिपका

हॅलो?… हो, मीच. आत्ताच दार उघडलं. थांब, पाय गरम पाण्यात सोडू दे आधी… हं. बोल.

अगं, गेले होते. वॉर्डातली ड्युटी संपवून तशीच गेले, गणवेशावर स्वेटर चढवून. तू सांगितलंस आणि मी गेले नाही, असं कधी झालंय?

खूश झाला की तुझा नवरा. "ताई, तुम्ही? बिअर प्यायला?" म्हणून दारातच हसत सुटला. तू पाठवलंयस हे नाही सांगितलं. म्हटलं, तिच्या पोटात बाळ आहे, डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरू नको म्हटलंय, तिच्या वाटणीची मी पिते.

कशी म्हणजे? ब्रुअरी म्हणतो तो, पण गॅरेजच आहे की ते अजून. बिअरच्या टाक्या मात्र लख्ख. फरशी सगळी ओली, पायात रबरी पाइप. मी घसरता घसरता वाचले… नाही, पडले नाही. हसू नकोस इतकं, पोट हलेल.

हो, हो… येते त्यावर. ओळीनं सांगू दे गं, नाहीतर मी इथेच झोपेन.

चाखायला येणाऱ्यांना चार लहान ग्लास देतो. आधी फिकी, शेवटी काळी. मध्ये कोरडा पाव चघळायचा, चूळ भरायची. पहिली बरी होती, हलकी. काळी तर मला आवडलीच… खरंच! जरा कॉफीसारखी लागते. अडले ते दुसऱ्या ग्लासाशी.

वास गं. उकडलेल्या कोबीचा. आमच्याकडे दुपारी रुग्णांच्या जेवणाची गाडी येते ना, अगदी तसा… भास कसला? शेजारी एक जोडपं होतं. त्यातल्या बाईनं ग्लास नाकाशी नेला आणि गुपचूप नवऱ्याकडे सरकवला. त्यानं तो परत तिच्याकडे.

तुझा नवरा? तो म्हणाला, "ही माझी सगळ्यात लाडकी." आणि घटाघटा प्यायला.



अगं ऐक ना, पुढचं ऐक. शेवटी तो लोकांना एक खेळ दाखवतो. तीन ग्लास. दोघांत एकच बिअर, उरलेल्या एकात वेगळी. रंगाला सगळ्या सारख्याच. हा पाठ करून उभा राहतो, लोक ग्लासांच्या जागा बदलतात, मग हा हुंगून, चाखून वेगळी कुठली ते सांगतो. कधी चुकत नाही, म्हणे.

आज ते ग्लास माझ्यासमोर ठेवले होते. बाहेरून ओले, ठिबकत होते. मी रुमाल काढला आणि पुसले. खालूनसुद्धा… वॉर्डातली सवय, काय करू!

तो वळला. पहिला ग्लास उचलला, उजेडाकडे धरला, खालून बघितला. मग दुसरा. मग तिसरा. परत पहिला… चेहरा असा उतरला, काय सांगू! मग म्हणाला, "तिसरा."

कोबीचा वास तर पहिल्याला येत होता, वेगळी बिअर तीच.

लोक हसले. तोही हसला. मी रुमाल घडी करायला घेतला, तर त्यावर निळा डाग. पेनाचा… हो. वेगळ्या ग्लासाच्या तळाला ठिपका करून ठेवतो तो.

म्हणजे काय, म्हणजे काय? त्याला वास येत नाही. आणि ते त्याला माहीत आहे. मध्ये तापानं आजारी पडला होता ना, त्यातून उठल्यापासूनच असणार.

काय?… दूध? कधी?… गॅसवर करपलं, आणि हा तिथेच उभा? आणि तू तेव्हापासून गप्प?

मग मला कशाला पाठवलंस?… रडू नको. रडू नको म्हटलं ना. तुझी खात्री व्हावी म्हणून मी ड्युटीनंतर बिअर ढोसत बसायचं! तो तुला सांगत नाही, का, तर तुला धक्का बसेल. तू त्याला सांगत नाहीस, का, तर तो खचेल. सांगायचं मग ताईनं. लहानपणी कप तू फोडायचीस आणि आईसमोर उभी मी. दमले गं मी आता.

नाही, त्याला काहीच बोलले नाही. आधीच तोंड एवढंसं झालं होतं त्याचं.

उद्या?… अरे देवा, तो हॉटेलवाला उद्याच येणार ना चाखायला? आणि हा त्याला तीच देणार. लाडकी ना त्याची! एवढं एक मोठं गिऱ्हाईक दारात येतंय, आणि त्याच्यापुढे कोबी…

कोण आलं?… किल्लीचा आवाज आला मला. अगं, फोन त्याच्याकडे देऊ नको… बरं, दे. नाही, थांब. स्पीकरवर टाक. दोघंही ऐका.

जावईबापू, मी ताई… हो, पोचले नीट. तुमचा ठिपका मी पुसला. मुद्दाम नाही… हो, तो निळा.

हं… हं… हे मला नका सांगू. समोर पलंगावर आहे, तिला सांगा. तिला माहीत आहे. दूध करपलं तेव्हापासून माहीत आहे.

…

हॅलो? आहात ना?

मग ऐका. तुमच्या त्या लाडक्या बिअरला कोबीचा वास येतोय. ती उद्या कोणाच्या ओठाला लावू नका… अहो, तीनच द्या हॉटेलवाल्याला. काळी द्या. आणि यापुढे प्रत्येक टाकीतली थोडी घरी आणा, हिच्या नाकाखाली धरा… प्यायची नाही गं! नुसती हुंगायची. खालच्या मजल्यावरच्या चपलांचासुद्धा वास येतो म्हणून रोज माझं डोकं खातेस ना?

वास परत येईल की नाही ते मला काय माहीत, जावईबापू. नाकाच्या डॉक्टरकडे जा. ठिपके काढत बसू नका.

काय?… काय म्हणालीस?… हां, त्याला म्हणतेयस होय.

हॅलो?… अगं, स्पीकर चालू आहे अजून… हॅलो?

बरं. बोला तुम्ही. माझं पाणी गार झालं. ठेवते.