बाहेरच्या अंगाचे तंतू

नाही हो दादा, ढोंग नाही करत तुमच्या आई! — बसा आधी. काचेपलीकडे, तपासणीच्या खोलीत, त्यांना आपलं काही ऐकू जात नाहीये, नुसता तुमचा चेहरा दिसतोय, आणि त्यांना वाटत असेल तुम्ही माझ्याशी भांडताय. मुलाची हाक कळते, सुनेची कळत नाही, म्हणजे सासू खाष्ट — असंच ना? आणि एवढ्यावरून वहिनी माहेरी जाऊन बसल्या! अहो, साधं आहे — म्हणजे साधं नाहीये, पण ऐका. कानाची नस म्हणजे काही एक तार नव्हे. हजारो तंतू असतात, दोरासारखा पीळ घातलेले, आणि ज्याची त्याची जागा ठरलेली — खर्जातले आवाज नेणारे मधोमध, गाभ्यात. बारीक, वरच्या पट्टीतले बाहेरच्या अंगाला. कॉलेजात पहिल्यांदा हे शिकले ना, वेडी झाले होते मी. काय मांडणी आहे! आता शेजारी गाठ वाढली तर आधी चेपणार कोण? बाहेरचे! वहिनींचा आवाज गेला, दाराची बेल गेली. तुमचा घोगरा, खर्जातला, म्हणून आत टिकलाय — त्यात मायाबिया काही नाही.

कुठली गाठ म्हणजे? — डॉक्टर बोलले नाहीत तुमच्याशी? स्कॅन बघून नुसतं 'कान तपासून या' म्हणाले? ... अरे देवा. नाही नाही, कॅन्सर नाही तो, घाबरू नका, काढतात ती. जीव वाचतो. पण इतकी वाढल्यावर काढायची म्हणजे नस बहुधा — नाही, गाभासुद्धा नाही राहत मग, तुमचा आवाजही नाही. दुसरा कान? दुसरा कुठाय दादा, तो गालगुंडात लहानपणीच गेला ना, तुम्हीच म्हणालात मघाशी. माझ्याकडे असं बघू नका हो. मी काय करते? कुठले तंतू गेले ते आलेख काढून दाखवते. परत एकही आणता येत नाही मला. एकही नाही.

थांबा — तो दिवा बघा, त्यांनी बटण दाबलं की लागतो. आवाज आला की बटण दाबा, असं सांगितलं होतं मी त्यांना. आणि मी तर केव्हापासून एकही आवाज सोडलेला नाही... अंदाजाने दाबतायत. बघा, परत. तुमच्यासमोर पास व्हायचंय त्यांना.

जा तुम्ही आत. डोळे पुसा आधी. काय बोलू म्हणजे? — काहीही बोला हो, काहीही! जा ना.